घरातील विजेची गळती : दोष नेमका कोठे शोधावा?

संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लागला की बोटांना मुंग्या येतात. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवले की काहीतरी खरखरीत लागल्याचा भास होतो. दूरचित्रवाणी संचाला केबलची तार जोडताना बारीकसा झटका बसतो. हे अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आलेले असतात. ‘अहो, थोडासा करंट येतोच’ असे म्हणून आपण ते सोडूनही देतो. बहुतेक वेळा त्यापासून खरोखरच काही अपाय होत नाही. तथापि, ज्या थोड्या वेळा तो होतो, त्या वेळी दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणूनच निरुपद्रवी झिणझिणी कोणती आणि धोक्याची सूचना कोणती, हे ओळखण्याची रीत प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखक विद्युत अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतील एक अधिकारी एवढीच त्याची पात्रता. परंतु बदलीच्या गावी भाड्याच्या घरात आलेल्या एका अनुभवाने हा विषय मुळापासून समजून घेणे भाग पडले. तो अनुभव आधी सांगतो, कारण या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा त्यातच आहे.

संगणक चावतो!

काही वर्षांपूर्वी बदलीनिमित्त हैदराबादला बिऱ्हाड केले. इमारत जुनी, पण घर हवेशीर होते. मे महिन्यात एके दिवशी धाकटी कन्या तक्रार घेऊन आली, “बाबा, संगणक चावतो!” पाहिले तो खरेच, पेटीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले. त्याने संगणकातील वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, बदलला. पैसे दिले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या कारागिराने संगणकाखाली रबराची चटई घालण्याचा आणि तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावण्याचा सल्ला दिला. आम्ही तोही मानला. झिणझिण्या काही गेल्या नाहीत. मात्र घरातील सर्वांना चपला घालून संगणकापाशी बसण्याची सवय लागली.

जुलैत पाऊस सुरू झाला. एका रविवारी सौ. बाल्कनीत कपडे धुण्याच्या यंत्रातून कपडे काढीत होती. एक हात यंत्राच्या पत्र्यावर आणि दुसरा नळावर पडला, आणि ती किंचाळून मागे कोसळली. दैव बलवत्तर म्हणून हात सुटला. खांद्याला मार बसला, तेवढ्यावर निभावले.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक राहत असत. मूळचे नांदेडकडचे, त्यामुळे आमचे ते काकाच झाले होते. ते मल्टिमीटर घेऊन आले. त्यांनी यंत्राला हात लावण्यापूर्वी मलाच विचारले, “संगणक केव्हा जास्त चावतो, आठवून सांगा बरं.” आठवू लागलो तेव्हा लक्षात आले की, बारीक झिणझिणी रोजच असे, पण जोराची तक्रार नेमकी रविवारी सकाळी येई. रविवारी सकाळी आमच्याकडे कपडे धुण्याचे यंत्र चाले!

काकांनी घरातील सर्व प्लग काढायला लावले आणि मग एकेक उपकरण जोडत न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजला. एकटा संगणक जोडला तेव्हा काटा सुमारे ११० व्होल्टवर आला. परंतु त्याच दोन टोकांत लहान दिवा जोडताच दाब कोसळला आणि दिवा मुळीच पेटला नाही. नंतर कपड्यांचे यंत्र चालू केले. दाब २०० व्होल्टच्या पुढे गेला, आणि तोच दिवा मंद, लालसर उजळला. यंत्राच्या आत मोटारीकडे जाणाऱ्या तारेचे आवरण पत्र्याला घासून उघडे पडले होते. कोरड्या हवेत तेथून थोडी गळती होई, दमट हवेत ती वाढे.

पण यंत्रातील दोषाचा संगणकाशी संबंध कोणता? त्याचे उत्तर खाली वाहनतळाच्या फरशीखाली सापडले. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा फरशा बसवताना बुजवून टाकला होता. फरशी उचलून पाहिले तर पट्टी गंजून तुटलेली होती आणि पावसाळ्यातही खड्ड्यात पाण्याचा थेंब पोहोचलेला नव्हता. घरातील सर्व सॉकेटांची तिसरी छिद्रे एकमेकांना हिरव्या तारेने जोडलेली होती, पण ती तार जमिनीला कोठेच जोडलेली नव्हती. परिणामी यंत्रातून गळलेली वीज जमिनीत जाण्याऐवजी त्या तारेवरून घरभर फिरत होती आणि संगणकाच्या पेटीवर येऊन थांबत होती.

झटका जेथे बसतो तेथेच दोष असतो असे नाही. आम्ही दोन महिने आणि दोन कारागिरांचे पैसे संगणकावर घालवले. वास्तविक संगणक निर्दोष होता आणि तोच आम्हाला रोज सावध करीत होता.

गळती म्हणजे काय?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ती फेजच्या तारेने येते आणि काम करून न्यूट्रलच्या तारेने परत जाते. वाटेत तारांचे आवरण, मोटारीची गुंडाळी, गिझरचे तापणारे नळकांडे अशा कोठल्याही ठिकाणी निरोधक आवरण कमकुवत झाले, तर काही वीज ठरलेली वाट सोडून उपकरणाच्या धातूच्या अंगावर येते. हीच गळती.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांत मात्र आणखी एक प्रकारची गळती असते आणि ती उत्पादकाने जाणूनबुजून ठेवलेली असते. संगणक, लॅपटॉपचा चार्जर, दूरचित्रवाणी संच यांचा वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. त्यामुळे निर्माण होणारा विद्युत गोंगाट बाहेर पडू नये म्हणून आत छोटे कपॅसिटर बसवतात. तीन पिनांच्या संगणकात असा एक कपॅसिटर फेज व पेटी यांच्यामध्ये आणि दुसरा न्यूट्रल व पेटी यांच्यामध्ये असतो. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून जाणारा अल्पसा प्रवाह थेट जमिनीत जातो आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. अर्थिंग नसेल तर पेटी या दोन कपॅसिटरांच्या मधोमध अधांतरी राहते आणि तिच्यावर साधारण अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दिसतो.

आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त सुमारे ०.१६ मिलीअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर सुमारे ०.३४ मिलीअँपिअर. माणसाला प्रवाहाची जाणीव साधारण अर्ध्या मिलीअँपिअरपासून होऊ लागते; नाजूक त्वचेवर त्याहून थोडी आधीही. १० मिलीअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ३० मिलीअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ छातीतून वाहिला तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

दाब आणि प्रवाह यांतील हा फरक एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. गच्चीवरील टाकी कितीही उंच असली, तरी नळ घट्ट बंद असून केवळ थेंब थेंब ठिबकत असेल तर त्याखाली कोणी भिजत नाही. तीच नळी फुटली तर घरात पाणी होते. दोन्हीकडे टाकीची उंची एकच असते. कपॅसिटरची गळती हा ठिबकणारा नळ होय. आवरण फाटून झालेली गळती ही फुटलेली नळी. टेस्टरचा दिवा आणि साधा मल्टिमीटर टाकीची उंची तेवढी सांगतात, पाणी किती वाहील ते सांगत नाहीत. खिशातील टेस्टर अत्यल्प प्रवाहावरही उजळतो, म्हणून ‘टेस्टर लागला, उपकरण बिघडले’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. आणि ‘सगळ्याच संगणकांना येतो’ ही समजूत त्याहून घातक ठरते. काकांनी दिवा जोडून पाहिला, तो या दोहोंतील भेद करण्यासाठीच. ठिबकणाऱ्या नळाच्या बळावर दिवा पेटत नाही.

तिसऱ्या पिनेचे महत्त्व

तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब व जाड असते. लांब अशासाठी की प्लग आत शिरताना अर्थची जोडणी सर्वांत आधी व्हावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. एवढा विचार करून ठेवलेली ही पिन आपण किती सहज निकामी करतो! दोन छिद्रांच्या सॉकेटात बसत नाही म्हणून ती कापली जाते, दोन पिनांचा जोड लावला जातो किंवा स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड आणला जातो. अशा बोर्डात पुष्कळदा सॉकेट तीन छिद्रांचे, पण आतली तार दोनच पदरांची असते. तिसरे छिद्र केवळ शोभेचे. संगणक, फ्रिज, इस्त्री, मिक्सर त्याला जोडताना आपण सुरक्षित आहोत असे आपल्याला वाटते, आणि हा खोटा भरवसाच अधिक वाईट.

काही उपकरणांना मुळात दोनच पिना असतात. मोबाईलचा चार्जर, अनेक दूरचित्रवाणी संच, काही लॅपटॉपचे चार्जर यांवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन असे चिन्ह छापलेले असते. दुहेरी निरोधक आवरण असलेल्या उपकरणाची ही खूण आहे. त्यास अर्थची आवश्यकता नसते. त्यातही आत एक कपॅसिटर असतो, म्हणून धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर बारीक झिणझिणी जाणवू शकते. मात्र चार्जर उत्पादकाचा असावा आणि त्यावर प्रमाणनाचे चिन्ह असावे. हलक्या प्रतीच्या, बिननावाच्या चार्जरमध्ये याच जागी साधा कपॅसिटर बसवलेला असू शकतो, आणि तो फुटला तर २३० व्होल्टचा दाब थेट हातातल्या यंत्रावर येतो. चार्जिंगला लावताच मोबाईलचा पडदा आपोआप भलतीकडे उघडू लागला, बोटाचा स्पर्श नीट ओळखेनासा झाला, तर तो चार्जर आधी बदलावा.

निदानाचा क्रम

डॉक्टर जसा औषधाआधी प्रश्न विचारतो, तसेच येथेही करावे. पुढील पहिल्या तीन पायऱ्या घरच्या कोणालाही करता येतील. चौथी व पाचवी परवानाधारक वायरमनवरच सोपवावी.

पहिली पायरी नोंदीची. झिणझिणी कोणत्या उपकरणाला येते, किती वाजता येते, त्या वेळी घरात आणखी काय चालू असते, पाय ओले होते की कोरडे, हे चार-पाच दिवस वहीत टिपावे. एकाच उपकरणाला येत असेल तर संशय उपकरणावर. एकाच खोलीतील वा एकाच बोर्डावरील उपकरणांना येत असेल तर सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड पाहावा. घरभर सर्वत्र येत असेल तर अर्थिंगच नाहीसे झालेले आहे असे धरून चालावे. एखाद्या विशिष्ट यंत्राच्या वेळेशी तक्रार जुळत असेल तर चोर ते यंत्र आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. झिणझिणी खरेच येते का, हे ‘पुन्हा हात लावून’ पाहू नये. स्नानगृह, स्वयंपाकघर, ओली बाल्कनी येथील उपकरणाचा एकदाही झटका बसला तर मुख्य स्विच बंद करून त्या उपकरणाचा प्लग काढावा आणि तपासणी होईपर्यंत ते वापरू नये.

दुसरी पायरी डोळ्यांनी पाहण्याची. प्लग काढून तीनही पिना शाबूत आहेत का, तार कोठे चिरली वा वितळली आहे का, मध्येच दोन पिनांचा जोड आहे का, हे पाहावे. एक्स्टेन्शन बोर्डाची तार दोन पदरी आहे की तीन पदरी, याचीही खात्री करून घ्यावी.

तिसरी पायरी वगळण्याची. सर्व उपकरणे भिंतीवरील प्लगपासून वेगळी करावीत. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण स्विच एकच तार तोडतो. मग रोज एकेक उपकरण परत जोडून नोंद पाहावी. घरात गळतीरोधक स्विच बसवलेला असेल आणि तो वारंवार पडत असेल तर हीच रीत फार उपयोगी पडते. ज्या उपकरणापाशी तो पडतो, तेथे दोष.

चौथी पायरी मोजमापाची. वायरमनने प्रत्येक सॉकेटपाशी तीन मापे घ्यावीत. फेज व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थ यांमध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये दोन-चार व्होल्ट, असे आकडे आले तर जोडणी ठीक. फेज व अर्थ यांमधील आकडा फारच कमी किंवा हलता असेल तर अर्थ तुटलेला आहे. न्यूट्रल व अर्थ यांमध्ये २३० दिसले तर फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली आहे.

आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये अगदी शून्य आले तर? आनंद मानण्याआधी त्याच मंडलावर इस्त्री किंवा गिझर चालू करून पुन्हा मोजावे. भार पडल्यावर न्यूट्रलच्या तारेत थोडा दाब खर्च होतो, म्हणून आकडा किंचित वाढला पाहिजे. तो शून्यावरच चिकटून राहिला, तर सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले असल्याची दाट शक्यता असते. अर्थिंगचा खर्च वाचवण्यासाठी केलेली ही लबाडी प्राणघातक आहे. न्यूट्रलची तार कोठे निखळली, की घरातील प्रत्येक यंत्राच्या अंगावर पूर्ण दाब येतो. दोष एकाही यंत्रात नसताना!

पाचवी पायरी उपकरणाच्या आवरणाची. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारा व धातूचे अंग यांमधील रोध मोजतात. तो १ मेगओहमपेक्षा कमी भरला तर दोष शोधून दुरुस्त केल्याखेरीज उपकरण वापरात घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर ही चाचणी जाणकारानेच करावी, एरवी आतील नाजूक भाग बिघडतात. संगणकाचा वीजपुरवठा घरच्या घरी उघडण्याचा मोह टाळावा. प्लग काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहू शकतो.

गुणगुणणारा स्पीकर आणि चावणारी केबल

अर्थिंगच्या दोषाची आणखी दोन लक्षणे आहेत. ती सहसा धोक्याची नसतात, पण उगीच खर्चात पाडतात. संगणक ध्वनिवर्धकाला जोडला की ‘घूंऽ’ असा सततचा आवाज येतो. दोन उपकरणे दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थशी जोडलेली असली आणि आवाजाच्या तारेनेही एकमेकांशी जोडलेली असली, की एक बंद कडे तयार होते व त्यातून ५० आवर्तनांची वीज फिरू लागते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर कारण हेच, आणि दोन्ही उपकरणे एकाच तीन पदरी बोर्डावर घेतल्याने बहुधा काम भागते. काहीही जोडलेले नसताना ध्वनिवर्धक एकटाच गुणगुणत असेल, तर त्याच्या वीजपुरवठ्यातील जुना कपॅसिटर सुकला असण्याचा संभव असतो. तो आवाज १०० आवर्तनांचा, थोडा चढ्या स्वराचा असतो. आवाज घालवण्यासाठी अर्थची पिन काढणे हा उपाय मात्र कदापि करू नये.

केबलच्या तारेचा झटका हा एकट्याच्या घरचा नसतो. एकाच तारेच्या जाळीला इमारतीतील अनेक संच जोडलेले असतात. प्रत्येकाचा अल्पसा प्रवाह त्या जाळीत मिळतो आणि बेरीज जाणवण्याइतकी होते. शेजारच्या एखाद्या संचात खरा बिघाड असेल तर तोही या वाटेने आपल्या घरी येऊ शकतो. यास्तव केबल जोडण्या-काढण्यापूर्वी संचाचा प्लग काढावा आणि तारेच्या उघड्या टोकाला हात लावू नये.

एमसीबी असताना आणखी कशाला?

‘आमच्याकडे एमसीबी आहेत, मग भीती कसली?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एक साधे गणित पाहू. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे असे समजा. यंत्रात फेजची तार सरळ पत्र्याला चिकटली, तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर होईल. १६ अँपिअरचा एमसीबी हा प्रवाह नेहमीचाच समजून चालूच राहील, आणि यंत्राचे अंग जिवंत! एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे.

ते काम आरसीसीबी, म्हणजे गळतीरोधक स्विच, करतो. त्याचे कार्य बँकेत काम करणाऱ्यास चटकन समजते. दिवसअखेर रोखपाल जमा आणि नावे या दोन्ही बाजूंचा ताळमेळ घालतो. रुपयाचाही फरक पडला तर काम पुढे जात नाही. हा स्विच फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांचा ताळमेळ क्षणोक्षणी घालतो. घरगुती वापरासाठी ३० मिलीअँपिअरचा स्विच निवडतात. तेवढी तूट दिसली की तो ०.३ सेकंदाच्या आत, आणि तूट मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लवकर, पुरवठा तोडतो. कारण हिशेबातून नाहीशी झालेली वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांत अशा संरक्षक साधनाची तरतूद आहे. जुन्या घरांत मात्र ते पुष्कळदा नसते. असले तरी त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच स्विच पडला पाहिजे. ‘सारखा पडतो’ म्हणून तो वगळून थेट जोडणी करून घेणे म्हणजे ताळमेळ लागत नाही म्हणून खतावणीच फाडून टाकणे होय. तसेच त्याच्या भरवशावर अर्थिंगकडेही दुर्लक्ष करू नये. अर्थ शाबूत असेल तर दोष निर्माण होताच स्विच पडतो. अर्थ तुटलेला असेल तर तो कोणीतरी हात लावीपर्यंत वाट पाहतो. एखाद्याने फेज व न्यूट्रल दोन्ही तारा एकाच वेळी धरल्या, तर ताळमेळ बिघडत नाही आणि हा स्विचही काही करू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

जमीन जमिनीत फरक

अर्थिंग म्हणजे वीज जमिनीत सोडणे, तेव्हा जमिनीचा स्वभावही महत्त्वाचा. ओलावा धरून ठेवणारी काळी माती विजेला सहज वाट देते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मुरमाड, खडकाळ जमीन वाट देत नाही. हैदराबादसारखे ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले शहर किंवा राजस्थानचा कोरडा वालुकामय प्रदेश येथे अर्थिंगची काळजी अधिक घ्यावी लागते. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगची रीत दिलेली आहे. घरांसाठी सामान्यतः जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटर लांबीचा नळ खड्ड्यात उभा पुरतात, भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे व झाकण ठेवतात. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणे आणि वर्षातून एकदा रोध मोजून घेणे, एवढीच त्याची सेवा.

पूर्वी पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थची तार बांधण्याची पद्धत काही ठिकाणी होती. आता दुरुस्तीत मध्येच प्लॅस्टिकचा नळ आला की ती वाट तुटते आणि वरच्या मजल्यावरील नळ जिवंत होऊ शकतो. अशी जोडणी आढळल्यास ती काढून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. झिणझिणी हे लक्षण आहे. आधी अर्थिंग तपासावे, मग उपकरण.
२. अर्थची पिन कापू नये, तिला वगळणारा जोड वापरू नये.
३. टेस्टरच्या दिव्यावरून अंतिम निर्णय घेऊ नये.
४. एक्स्टेन्शन बोर्ड तीन पदरी तारेचाच घ्यावा.
५. ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा व दरमहा त्याची चाचणी घ्यावी.
६. अर्थिंगचा खड्डा कोठे आहे हे घरातील प्रत्येकास माहीत असावे. तो फरशीखाली गाडला जाऊ देऊ नये.

आमच्या इमारतीत पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. रहिवाशांनी वर्गणी काढून नवा खड्डा केला, प्रत्येक घरात गळतीरोधक स्विच बसला. कपड्यांच्या यंत्राची तार बदलण्यास अर्धा तास लागला. संगणकाला पुन्हा तीन पिनांचा प्लग जोडला आणि तो चावायचा थांबला. मुलीने तरी पुढे बरेच दिवस बोटाच्या नखाने हलकेच टोकून पाहिल्याखेरीज त्याला हात लावला नाही.

घर घेताना आपण करारनामा पाहतो, मालकीहक्काची कागदपत्रे तपासतो, कर्जाच्या हप्त्याचे गणित करतो. भाड्याने घेताना पाणी किती वेळ येते हे विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा, “या घराचे अर्थिंग कोठे आहे, आणि ते शेवटचे केव्हा तपासले?” उत्तर देताना घरमालक गोंधळला, तर सामान लावण्याआधी वायरमनला बोलवावे.